अंगठ्याचा अंदाज

३ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. फोनवर मी "सगळं बरं आहे" म्हणते ते फारसं मनावर घेऊ नकोस. फोनवर दुसरं काय बोलणार? मास्तरची खाट माझ्या शिलाई मशिनीपासून चार हातांवर. पोराचे हातपाय हलत नाहीत, पण कान एवढे तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तरी याच्या भुवया वर जातात. म्हणून हे पत्र. लिहिताना तरी आवाज होत नाही.

या महिन्यात त्याच्या गळ्यातल्या नळीला तीन वर्षं झाली. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, स्नायू झिजत झिजत छातीपर्यंत आले, आता श्वास यंत्राने द्यावा लागेल. तू तेव्हा इथेच होतास. मला वाटलं होतं महिना-दोन महिने काढू कसेबसे. आता खोलीत दोन मशिनी आहेत, एक मी पायाने चालवते आणि एक त्याला चालवते. मी पडदे, पँटी, जे येईल ते दुमडून शिवते आणि दर तासाला उठून त्याच्या नळीतला कफ सक्शनने ओढते. पाठ पार गेली आहे. मास्तर तेवीस वर्षांचा झाला आणि अंगात फक्त उजवा अंगठा आणि खोडी शिल्लक आहे. त्या अंगठ्याने स्क्रीनवर टाइप करून माझ्या हिशोबातल्या चुका काढतो. लहानपणी याला मास्तर म्हणायला लागलो, त्याची शिक्षा भोगतेय.

आता खरी गोष्ट. गेल्या आठवड्यात मी शिवत होते आणि मागून आवाज आला, "आई, चहा गार झाला." दादा, मी सुई बोटात खुपसून घेतली. तीन वर्षांनी तो बोलला! घोगरं, तुटक, यंत्र हवा ढकलेल तेवढ्यापुरतंच, पण त्याचाच आवाज. नळीभोवती आत जो फुगा असतो ना, ज्याच्यामुळे हवा वर न जाता फुप्फुसातच जाते, त्याच्या बाजूने आता हवा निसटते आणि गळ्यातून वर येते. म्हणून बोलता येतं. दोन दिवस आम्ही नुसते बोलत बसलो. म्हणजे तो बोलला, मी रडले.

पण हवा निसटली की यंत्र बोंबलतं. दर पाच मिनिटांनी. प्राणवायूचा आकडा खाली येतो आणि त्याचे ओठ जरा निळसर दिसतात, की मला तसे वाटतात कोण जाणे. महिन्यातून एकदा येणाऱ्या परिचारिकाबाई निवृत्त झाल्या, नवीन अजून आलेली नाही. फुग्यातला दाब मोजायचं घड्याळ त्यांच्याच पिशवीत असायचं. मी काय करू ते कळव. डोकं चालत नाही.

तुझी,
ठकू

—

९ नोव्हेंबर

ठके,

पत्र वाचलं आणि दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. तीन वर्षांनी तोंड उघडलं आणि काय म्हणाला, तर चहा गार झाला! भाचा कोणाचा आहे शेवटी.

आता तुझ्या अडचणीचं. तू उगाच घाबरतेस. हा रोग आमच्या धंद्यातला आहे. बाहेर जो छोटा फुगा लोंबतो तो आतल्या फुग्याशी जोडलेला, बरोबर? म्हणजे बाहेरचा दाबून आतल्याची हवा कळते. मग घड्याळ कशाला हवं? तीस वर्षं टायर अंगठ्याने दाबून हवा सांगतोय, एका माणसाने परत येऊन तक्रार केली नाही. आपल्या नाकाचं टोक दाबून बघ. तेवढं घट्ट लागलं की बास. सैल लागलं तर सिरिंजने थोडी हवा भर. यंत्र गप्प बसेपर्यंत भर, सोपं आहे.

आणि मला अगदीच अडाणी समजू नकोस. माझ्या दुकानासमोर दवाखान्याचं फाटक आहे, तिथल्या सगळ्या नर्सबाईंच्या स्कूटरची पंक्चरं मीच काढतो. म्हणजे अर्धा डॉक्टर झालोच की!

गुडघा तसाच आहे. खाली बसलो की उठवायला जॅक लावावा लागेल. मास्तरांना सांग, मामाने चहा गरम करून घ्यायला सांगितलाय.

दादा

—

२१ नोव्हेंबर

दादा,

तू सांगितलंस तसं केलं. नाकाचं टोक दाबलं, फुगा दाबला, हवा भरली. यंत्र गप्प झालं आणि मास्तरही. मला आधी कळलंच नाही की दोन्ही एकाच वेळी होणार. तो तोंड हलवत होता आणि काही ऐकू येत नव्हतं. मग त्याने डोळे मिटून घेतले. दोन दिवस स्क्रीनवर एक अक्षर टाइप केलं नाही. माझ्यावर रुसला होता. मी म्हटलं, बाळा, श्वास आधी की गप्पा आधी? त्यावर त्याने डोळे उघडून माझ्याकडे जे पाहिलं ते मी तुला लिहीत नाही.

पण दादा, हवा टिकत नाही. दोन दिवस बरं जातं, परत बोंब. परत भरते. आता फुगा नाकाच्या टोकापेक्षा घट्ट लागतो, म्हणजे कपाळासारखा म्हण. त्याची मानही हल्ली डावीकडे कलते, पाठीचा कणा आणखी वाकलाय. उशी कशीही लावली तरी तो घसरतोच. नवीन नर्सबाई पुढच्या महिन्यात येणार असं ऑफिसातून सांगतात. गेल्या महिन्यातही तसंच सांगितलं होतं.

बाकी नेहमीचंच. कफ जरा गुलाबी येतोय दोनचार दिवस. थंडीमुळे असेल, हवा कोरडी आहे. एका शाळेच्या पडद्यांची मोठी ऑर्डर घेऊन बसले आहे, अठ्ठेचाळीस पडदे, नाकी नऊ आलेत. झोपेचं विचारू नकोस. काल भाजी चिरता चिरता उभ्याउभ्या डोळा लागला.

ठकू

—

२८ नोव्हेंबर

ठके,

मास्तरांचा रुसवा चार दिवसांत जाईल. तू त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, वादात तो तुला जिंकू देणार नाही. आवाज नसला तरी.

हवा टिकत नाही तर व्हॉल्व्हजवळून जात असेल, थोडी जास्त भरून ठेव म्हणजे तीन दिवसांची निश्चिंती. आणि गुलाबीचं तुझंच बरोबर आहे, कोरडी हवा. यंत्राला जो पाण्याचा डबा आहे तो भरलेला ठेव. माझंसुद्धा थंडीत नाक फुटतं.

गुडघ्याला नवीन तेल आणलंय. वास असा की गिऱ्हाईक दोन पावलं लांब उभं राहतं. परवा एकजण चाकात खिळा घेऊन आला, महिनाभर रोज पंपावर हवा भरत होता म्हणे! मी म्हटलं, अहो साहेब, रोज हवा जाते तर भरत काय बसलात, का जाते ते बघायला नको? लोक शिकलेले असतात पण अक्कल गहाण ठेवलेली असते.

अठ्ठेचाळीस पडदे एकटीने घेऊ नकोस. मी इथून काही करू शकत नाही, म्हणून सल्ला फुकट देतोय.

दादा

—

९ डिसेंबर

दादा,

सगळं बरं आहे. पडदे एकतीस झाले. मास्तर ठीक आहे. सध्या लिहायला वेळ नाही, पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन. गुडघ्याला जप.

ठकू

—

११ डिसेंबर

मामा,

हे पत्रच आहे असं समज. फोनवर पाठवतोय, कारण टपालाला तीन दिवस लागतात आणि मला तीन दिवस आहेत की नाहीत हे नक्की नाही. एका अंगठ्याने लिहितोय, म्हणून पाल्हाळ नाही.

परवा सकाळी कफ ओढताना सक्शनच्या नळीत रक्त आलं. गुलाबी नाही, लाल. साधारण दोन चमचे. मग थांबलं. आईने ती नळी कागदात गुंडाळून डब्यात टाकली. तिला वाटतं मला दिसलं नाही. समोरच्या लोखंडी कपाटाला नवा चकचकीत रंग दिलाय, त्यात मला सगळी खोली दिसते.

काल थोडं आलं. आज सकाळी परत, कालच्यापेक्षा जास्त.

मी वाचलं आहे. गळ्यात नळी असलेल्याला इतक्या वर्षांनी लाल रक्त आलं तर ते कोरड्या हवेचं नसतं. श्वासनळीच्या पुढून एक मोठी रक्तवाहिनी जाते. नळी किंवा फुगा आतून घासत राहिला तर भिंत झिजून तिथपर्यंत पोचते. आधी थोडं रक्त येतं. नंतर एकदम येतं. तेव्हा काही करायला वेळ नसतो. माझा कणा वाकलाय, म्हणजे माझ्या छातीत जागा आधीच कमी.

आईला सांगता येत नाही. फुग्यात हवा आहे तोवर माझा आवाज नाही. स्क्रीनवर लिहिलं तर ती तीन दिवस स्क्रीनकडे बघत नाही. खोलीत सगळीकडे बघते, तिथे सोडून.

तिच्यावर ओरडू नकोस. फक्त फोन कर आणि गाडी बोलवायला लाव.

मास्तर

—

१७ डिसेंबर, हॉस्पिटल

दादा,

तो आहे. हे पहिल्यांदा लिहिते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझा फोन आला तेव्हा मी सदतिसाव्या पडद्याला दोरा ओवत होते. तू जे ओरडलास, नळी काढू नका, सक्शन खोल घालू नका, श्वास द्यायला हाताने दाबायची पिशवी जवळ घ्या आणि आत्ताच्या आत्ता गाडी बोलवा, ते तुझं बोलणं नव्हतं. कोणीतरी मागून तुला सांगत होतं आणि तू तसंच्या तसं म्हणत होतास. मी काही न विचारता गाडी बोलावली. पंचवीस मिनिटांत आम्ही इथे होतो.

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला फटकळ. त्यांनी नळीतून दुर्बीण घालून आत पाहिलं. मग औषध टोचून छातीचे फोटो काढले आणि मला पडद्यावर दाखवले. तीन वर्षांत कणा इतका वाकलाय की छाती पुढून मागे चपटी झालीय. श्वासनळी बाजूला सरकली, आणि गळ्यातली नळी मात्र तीच, तेवढीच, तशीच वळलेली. तिचं टोक आणि फुगा पुढच्या भिंतीला टेकून बसले होते. तिथली कातडी सोलून निघालेली. पलीकडे लगेच ती मोठी रक्तवाहिनी, मध्ये कागदाएवढं अंतर. बाई म्हणाल्या, "हवा निसटायला लागली तेव्हाच यायला हवं होतं. ही नळी आता मापाची राहिली नाही, एवढंच ती गळती सांगत होती. तुम्ही हवा भरत गेलात आणि फुगा त्याच जागी दाबत गेला."

मग त्यांनी घड्याळ लावून दाब मोजला. तीसच्या पुढे कधी जाऊ नये तो त्र्याऐंशी होता.

दादा, नाकाचं टोक! तुझ्या अंगठ्याला तीस वर्षांत कोणी तक्रार केली नाही, कारण टायरला गळा नसतो. तिथे उभ्याउभ्या मी तुला जे मनात आलं ते सगळं बोलले, तुला ऐकू गेलं नाही हे तुझं नशीब.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. फुटायची वाट न बघता त्यांनी ती रक्तवाहिनीच बांधून तोडली. डोक्याला दुसऱ्या वाटेने रक्त पोचतं ना, हे आधी तपासून घेतलं. अशा पोरांना भूल देणंही जोखमीचं असतं म्हणून माझ्या सह्या चार ठिकाणी घेतल्या. साडेपाच तास मी बाकावर बसले होते. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं, मी पेला धरून तसाच ठेवला.

आता लांबी कमीजास्त करता येईल अशी नळी बसवली आहे, टोक कुठे टेकत नाही हे दुर्बिणीने पाहून. दाबाचं घड्याळ घरी न्यायला दिलं आहे, दिवसातून तीनदा बघायचं. दर सहा महिन्यांनी आतून तपासणी. हवा निसटली तर भरायची नाही, फोन करायचा. रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर त्याच दिवशी यायचं.

त्याने डोळे उघडले. अजून अंगठा हलवायला ताकद नाही.

ठकू

—

२२ डिसेंबर

ठकू,

तू बोललीस त्याहून जास्त बोलायला हवं होतंस.

मेसेज आला तेव्हा मी एका स्कूटरचं चाक काढून बसलो होतो. ते तसंच टाकून रस्ता ओलांडला, समोरच्या दवाखान्यात शिरलो आणि पहिल्या दिसलेल्या नर्सबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, लावा फोन, मी सांगते तसं बोला. मागचा आवाज त्यांचा होता.

परत आलो आणि पावलं मोजली. दुकानापासून त्या दरवाजापर्यंत बावीस. तुझं पहिलं पत्र आल्यापासून पाच आठवडे मी ती बावीस पावलं टाकली नाहीत. त्या बायकांच्या गाड्या पुसून देत होतो, त्यांच्याशी थंडीवर बोलत होतो, आणि एकीलाही विचारलं नाही की बाई, गळ्याच्या नळीतून हवा जाते तर काय करायचं. विचारलं असतं तर मला काही येत नाही हे कळलं असतं ना.

आणि तो खिळेवाला. त्याला मी अक्कल शिकवली आणि चार ओळी वर तुला लिहिलं की जास्त भरून ठेव. एकाच पत्रात. एकाच शाईने.

तुझी माफी मागायची तर ती कागदावर मागून भागणार नाही. दुकान चार दिवस बंद ठेवलं होतं. आज उघडलं. टायर दाबायला अंगठा पुढे केला की मागे घेतो, मीटर लावतो. गिऱ्हाईक हसतात.

दादा

—

४ जानेवारी

दादा,

आम्ही घरी आलो. नवीन नर्सबाई आली, बडबडी आहे पण हात हलका. बारा पडदे राहिले होते ते शाळेने दुसऱ्याला दिले, बरं झालं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. तू चार दिवस दुकान बंद ठेवलंस हे वाचून मला तोंड उघडावंच लागतंय. ऐक.

तुझा अंगठा चुकला. पण नऊ तारखेपासूनच्या त्या तीन दिवसांत जे झालं ते अंगठ्याने केलं नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या जुन्या परिचारिकाबाईंनी मला आठ दिवस शिकवलं होतं. त्यात त्यांनी बोट उगारून सांगितलं होतं, लाल रक्त दिसलं तर हातातलं काम टाकून यायचं, दुपारची संध्याकाळ करायची नाही. मला ते पाठ होतं. नऊ तारखेला सकाळी रक्त आलं तेव्हा मला एका क्षणात आठवलं. अगदी त्यांच्या आवाजात आठवलं.

आणि मी ती नळी कागदात गुंडाळली, हात धुतले, आणि मोरीच्या कट्ट्यावर बसले. किती वेळ बसले माहीत नाही. मी रडले नाही. मी घाबरलेही नाही, दादा. खरंच नाही. मला वाटलं, असं होणार असेल तर होऊ दे. मला वाटलं, मग मी झोपेन. त्याला त्रास होईल का हे मनात आलं ते यानंतर. आधी झोप आली मनात.

मग उठून तुला पत्र लिहिलं, सगळं बरं आहे म्हणून. मग पडदे शिवत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. तो स्क्रीनवर काही लिहीत होता, मला स्क्रीनचा उजेड हलताना दिसायचा, मी मान वळवली नाही. तुझा फोन आला नसता तर मी चौथ्या दिवशी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. केलं असतं काहीतरी, असं तू म्हणशील. तू म्हणू नकोस.

आता तो बरा आहे. माझ्याकडे बघून भुवया उडवतो. मी त्याच्या नजरेला नजर देत नाही. दाब मोजते, पंचवीस येतो, मांडून ठेवते. त्याला सांगू का? तो माझा मुलगा आहे, त्याला कळायला हवं की त्याच्या खाटेशी कोण बसलंय. की गप्प राहू? तू मोठा आहेस, तू सांग. या वेळी अंदाजाने सांगू नकोस.

ठकू

—

१२ जानेवारी

ठकू,

अंदाजाने सांगत नाही. या वेळी ज्याला माहीत आहे त्यालाच विचारलं.

तुझं पत्र मी कोणाला दाखवलेलं नाही, त्याला तर नाहीच. त्याला एवढंच लिहिलं की तुझी आई तुझ्या डोळ्याला डोळा देत नाही, काय झालंय ते तुला ठाऊक आहे का. त्याने दोन दिवस घेतले. मग जे आलं ते खाली जसंच्या तसं उतरवून काढतोय, कारण त्याने सांगितलं, आईला कागदावर हवंय, स्क्रीनवर नको. त्याची खाट आणि तुझी मशीन यांत चार हात अंतर, आणि हे बोलणं माझ्या दुकानावरून फिरून येतंय.

"आई,

कपाटाच्या रंगात मोरीही दिसते. तू कट्ट्यावर बसलेली मला दिसत होतीस. तू लवकर उठली नाहीस तेव्हा मला कळलं तू काय विचार करतेस. मला राग आला नाही. मला वाटलं, बरोबर आहे, हिला आता सुटायला हवं.

म्हणून पहिले दोन दिवस मीही गप्प राहिलो. मामाचा नंबर पहिल्या सकाळीच काढून ठेवला होता. मेसेज पाठवला नाही. मी उजेड हलवत होतो ते उगाच, बुद्धिबळ खेळत होतो. तू बघितलं असतंस तर काय लिहायचं ते मी ठरवलंच नव्हतं.

तिसऱ्या सकाळी रक्त जास्त आलं आणि मला भीती वाटली. खूप. एवढी भीती वाटते म्हणजे जगायचं आहे, दुसरं उत्तर निघत नव्हतं. तेव्हा मामाला लिहिलं.

तीन दिवस तू एकटी गप्प नव्हतीस. दोन दिवस आपण दोघं होतो. तेवढी दुरुस्ती करून घे."

ठकू, मी दोन दिवस हा कागद गल्ल्याखाली ठेवून फिरत होतो. मोठा मी, आणि शहाणा तो.

जे सुचलं ते करतोय. त्या नर्सबाईंकडे रोज दुपारी जातोय. त्यांनी मला रबराच्या पुतळ्यावर कफ ओढायला शिकवलं, खुणेपर्यंतच नळी घालायची, पुढे नाही. पहिल्या अकरा वेळा नापास केलं. काल पास झालो. फुग्याचा दाब घड्याळ लावून घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, अंगठा खिशात ठेवा मामा. दुकान शेजारच्याला तीन महिने चालवायला दिलं आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळी पोचतो. तू मला दाखवायचं, मी करायचं, मास्तर चुका काढतील. मग तू आत जाऊन झोपायचं. मी उठवणार नाही.

दादा